कोऱ्या डिस्कवरचा आवाज

कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क दुरुस्त करणारा तो माणूस कामात चोख, पण एक खोड काही सुटत नव्हती. डिस्कचे दोन भाग पाडून, फॉरमॅट करून कोरे केले, की चाचणीसाठी तो एकच फाइल त्यावर उतरवायचा, वाजवून बघायचा आणि पुसून टाकायचा. फाइलमध्ये त्याची मुलगी लपाछपीसाठी दहापर्यंत मोजायची आणि शेवटी विचारायची, "बाबा, येऊ का?"

तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

त्या दुपारी एका गिऱ्हाइकाची डिस्क फॉरमॅट करून तो फाइल उतरवायला गेला, तर ती आधीच तिथे होती. "डोकं ठिकाणावर नाही माझं," असं पुटपुटत त्याने दोन्ही भाग उडवले, नव्याने पाडले, पुन्हा फॉरमॅट केले. फाइल होतीच.

त्याने ती लावली. आवाज तिचाच, पण आज ती सावकाश मोजत होती, जिना चढताना धाप लागावी तशी. दहा झाले.

"बाबा, येऊ का?"

इतक्या वर्षांत त्याने कधी उत्तर दिलं नव्हतं. आज तोंडून निघून गेलं, "ये गं, बाळा."

डिस्कची घरघर थांबली. स्क्रीनवर दोन्ही भाग कोरे दिसू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. घरून बायको कुजबुजत होती, "अहो, कुणीतरी दार वाजवतंय. अगदी खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथे. म्हणतंय, बाबांनी ये म्हटलंय."