हेनिगनांची नऊ पोरं

"सात? सातच?" डीलिया हेनिगनने काठीचं टोक भिंतीवरच्या तक्त्यावर आपटलं. "माझ्या आईला नऊ झाली होती, फिंटन. दोन कुठे टाकलीस?"

चर्चच्या हॉलमध्ये चालू असलेली कपबश्यांची किणकिण एकदम थांबली. फिंटन लॅव्हेलला गावात मास्तर सोडून कुणी काही म्हणत नसे, शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी. पण डीलिया म्हणायची. मास्तरांचं शेंबडं नाक तिने स्वतःच्या बाहीला पुसलं होतं.

तक्ता मात्र झकास झाला होता! वॉलपेपरची गुंडाळी उलटी करून चारही भिंतींना लावलेली आणि तिच्यावर तिन्ही वाड्यांतलं घरन् घर, पार १८४१ पर्यंत. त्याआधीचं सगळं कोरं. चर्चची वहीच तिथून सुरू होते. रविवारी अमेरिकेहून चाळीस पाहुणे आपलं मूळ शोधत येणार होते, आणि त्यांना दाखवायला मास्तरांनी अख्खा हिवाळा त्या वहीत डोकं घातलं होतं.

"डीलियाबाई," मास्तर वर्गातल्या आवाजात म्हणाले, "वहीत जेवढे बाप्तिस्मे, तेवढीच पोरं. कागदावर नाही ते मी लिहीत नाही. जनगणनेचे जुने कागद एकोणीसशे बावीस साली डब्लिनला जळाले, त्याला मी काय करू? तुम्हीच सांगा."

"जळायला आधी लिहावं लागतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. डीलिया कशाबद्दल बोलतेय ते हॉलमधल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला कळलं होतं. बाप्तिस्म्याआधी गेलेलं पोर फादर दफनभूमीत घेत नसत. बापाने ते खोक्यात घालायचं आणि उजाडायच्या आत किलीनमध्ये न्यायचं. किलीन म्हणजे दोन वाड्यांच्या बांधावरचा काटेरी झुडपांचा तुकडा, त्यात कुणी नांगर घालत नाही. उशाला समुद्रावरचा एक पांढरा गोटा. नाव नाही, प्रार्थना नाही, वहीत ओळ नाही. आणि आईला जागा सांगायची नाही.

हेनिगनांच्या दोन्ही वेळी तो गोटा डीलियाने ओच्यातून नेला होता. जागा माहीत असलेलं त्या घरातलं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती गेली की ती दोघं कधी नव्हतीच!

"पाहुण्यांसमोर ते कशाला उगाच?" मास्तर हळूच म्हणाले.

तिथेच डीलियाचं डोकं फिरलं.

"मंगळवारी इथेच उभा राहून काय शिकवलंस आम्हाला? कागद संपले की वर्षं मोजा. दरसाल पाळणा हलणाऱ्या घरात मध्येच मोठी फट दिसली की थांबा, म्हाताऱ्यांना विचारा. म्हणालास ना?"

"म्हणालो, पण..."

"मग ये इकडे." काठी आता लॅव्हेलांच्या घरावर होती. "हा तू, एकोणीसशे एकोणपन्नास. ही तुझी बहीण ऊना, त्रेपन्न. मध्ये चार वर्षं कोरी. अख्ख्या गावाच्या फटी मोजल्यास रे, स्वतःच्या घरातली नाही दिसली?"

मास्तरांचं बोट स्वतःच्या नावावरून ऊनाच्या नावावर गेलं. परत आलं. पुन्हा गेलं.

"एक्कावन्नचा फेब्रुवारी," डीलिया म्हणाली. "आमचं दुसरं घेऊन आम्ही बांधावर चढलो, तर तुझा बाप खाली उतरत होता. खांद्यावर कुदळ, गुडघ्यापर्यंत चिखल. माझ्या बापाने त्याला ओळख दाखवली नाही, त्याने माझ्या बापाला नाही. आपल्याकडे लोक परक्याच्या गाडीलासुद्धा हात करतात! आमच्या गोट्याच्या डावीकडचा गोटा तुमचा."

मास्तर वळले. वर्गातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"सत्तर वर्षं! सत्तर वर्षं दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसलीस. माझ्या आईच्या मातीला आलीस. माझा हात धरून 'फार सोसलं रे तिने' म्हणालीस! आणि हे पोटात ठेवून बसलीस?"

"तुझ्या बापाने ओठांवर बोट ठेवलं होतं. मी अकरा वर्षांची होते, फिंटन."

"आज चौऱ्याऐंशीची आहेस!"

 

डीलियाने टेबलावरचा मार्कर उचलला आणि आईच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. वाकड्यातिकड्या आल्या. टोकाला काही लिहिलं नाही, नावं ठेवलीच नव्हती. मास्तरांनी तिच्या हातातून मार्कर हिसकावला आणि स्वतःच्या आणि ऊनाच्या मध्ये अशी रेघ मारली की कागद फाटून मागचा हिरवा रंग दिसायला लागला. दोघंही एकमेकांकडे बघेनात. आता पाहुण्यांसाठी नवा कागद लावा, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तेवढ्यात चहा ओतत असलेल्या फिलोमिना मरेने किटली जमिनीवर ठेवली. जवळजवळ ऐंशीची, सडपातळ बाई. चर्चमध्ये फुलं लावायची, कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात. ती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"झालं असेल तर इकडे द्या."

मार्कर घेऊन ती मरे घराण्यापाशी गेली. पणजोबा, आजोबा, सगळे ओलांडून ती शेवटच्या ओळीत वाकली. तिथे तिचं स्वतःचं नाव होतं, शेजारी नवऱ्याचं, आणि खाली तीन मुलगे.

तिने रेघ ओढली नाही. मार्कर तसाच धरून ती वळली. दाराशी तिचा नवरा मॅलकी सँडविच हातात घेऊन उभा होता, कधीचा आपल्या बुटांकडे बघत.

"मॅलकी," ती हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता सांग. कुठे ठेवलंस तिला?"