सरावाचा रुग्ण

प्रश्न विचारून सुलक्षणा गप्प बसली होती आणि ती शांतता तिच्या नवऱ्याला, सिद्धेशला, सोसवत नव्हती. व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या ऑनलाइन वर्गात तिला हेच शिकवलं होतं, की समोरच्याचं मौन घाईने मोडायचं नाही.

एरवी सरावासाठी लॅपटॉपच्या पडद्यावर तिचा सहाध्यायी विशाल खोटा दारुडा होऊन बसे. भांडुपच्या त्या दोन खोल्यांत तिचं मऊ, संथ "बोला ना, मी ऐकतेय" भिंतीपलीकडून झिरपत येई आणि सिद्धेश आतल्या आत जळत राही. तो खरोखरच पीत होता त्या वर्षांत तिने त्याच्याशी अबोला धरला होता. त्याने दारू सोडली, तेव्हा विचारपूस करायचं कारणच उरलं नाही. आज विशालला जमणार नव्हतं, म्हणून त्याच्या जागी सिद्धेश हट्टाने बसला होता.

"शेवटची दारू कधी घेतलीत?" सुलक्षणाने पुन्हा विचारलं, तितक्याच मायेने. इतक्या हळुवारपणे तिने त्याला आजवर काहीच विचारलं नव्हतं.

"काल दुपारी," तो म्हणाला. "बायको आतल्या खोलीत दुसऱ्याच कुणाचं मन लावून ऐकत होती."

"झकास रे! विशालला पण एवढं खरं वाटेल असं जमत नाही," सुलक्षणा खळखळून हसली. मग ते हसू ओठांवरच विरलं. "सिद्धेश, हे सरावातलंच आहे ना?"

 

त्याने पायांत चपला सरकवल्या आणि तो जिना उतरून गेला.