घरची बिडी

"तिसऱ्यांदा विझली," भैय्याजी म्हणाले आणि स्वतःची पेटती बिडी ओठांत धरूनच हसले.

कोंढा गावातल्या तुलारामच्या छपरीत वाद रंगला होता तो बिड्यांचा. भैय्याजी आणि तुलाराम, दोघेही साठी ओलांडलेले, दोघेही दुकानातल्या बिड्यांच्या कट्ट्याला हात न लावणारे. सोनार जसा ज्याचा त्याचा ठरलेला असतो, तशी यांची बिडी वळणारी ठरलेली. भैय्याजींची ललिताबाई, पार पवनीची. तुलारामची घरचीच, त्याची बायको निर्मलाबाई. लग्न झाल्यापासून त्यानं दुसऱ्या हातची बिडी ओढली नव्हती, आणि हे तो अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला ते व्यसन नव्हे, व्रत वाटावं.

"ललिताबाईची बिडी अर्ध्यावर ठेवून चहा पिऊन या, तरी जित्ती राहते," भैय्याजी म्हणाले. "ओढाले जोर लागत नाही. घशाले लागत नाही."

"आमच्या घरचीले जवाब नाही," तुलारामनं चौथी काडी ओढली. "कारखान्यात हजार बिड्यांतून मुकादम काढून दाखवे, का ही निर्मलाबाईची म्हणून. हातच्या कांकणाले आरसा कायले?"

एवढं बोलला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत भैय्याजी रस्त्यावरच्या शेळ्या पाहत राहिले. बिडी पुन्हा विझली होती.

कोपऱ्यात निर्मलाबाई तांदूळ निवडत होती. बिडी का विझते, हे त्या छपरीत फक्त तिलाच माहीत होतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवून बिडी सोडा म्हणून बजावलं होतं, आणि तुलारामनं दवाखान्याच्या फाटकातच काडी ओढली होती. निर्मलाबाई भांडली नाही. वळायचं बंद केलं असतं, तर हा गडी दुकानात गेला असता. कारखान्याचं काम तिनं केव्हाच सोडलं होतं, आता वळायची ती फक्त नवऱ्यापुरती. मग तिनं एक केलं. बाहेरून बिडी तशीच सुबक ठेवायची, आत मात्र मधोमध पोकळ सोडायची आणि तोंडाशी तंबाखू ठासायची. अशी बिडी दोन झुरक्यांत विझते. पेटवून पेटवून माणूस कंटाळतो आणि ठेवून देतो. पावसाळ्यापासून तुलारामच्या बिड्या निम्म्यावर आल्या होत्या. त्यासाठी तिनं जन्मभर कमावलेलं नाव रोज आपल्याच हातानं मातीत घातलं होतं, आणि ते तिला झोंबत होतं. फार झोंबत होतं.

"वहिनी, हात थकला तुमचा," भैय्याजी म्हणाले. बोलण्यात खोट नव्हती, त्यामुळे ते जास्तच लागलं. "वयानं होते. तुलाराम, उद्यापासून ललिताबाईले तुह्या नावाचा कट्टा सांगून देतो."

तुलाराम नाही म्हणेल म्हणून निर्मलाबाई थांबली. तो नाही म्हणाला नाही. त्यानं हातातल्या बिडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मित्रासमोर नाक कापलं गेल्याचा राग त्याच्या तोंडावर दिसत होता.

"बिड्यांचं सूप आन," तो म्हणाला. "भैय्याजीच्या समोर एक वळून दाखव, पहिलेसारखी. जमत नसंन त तसं सांग. उद्यापासून मी ललिताबाईची ओढतो."

वाईट वळली, तर उद्यापासून पवनीचा कट्टा घरात. चांगली वळली, तर रोज अशाच दे म्हणणार. इकडे आड, तिकडे विहीर. निर्मलाबाईनं तांदळाचं ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि बिड्यांचं सूप मांडीवर घेतलं.

ओल्या फडक्यातून तेंदूचं पान काढलं. कात्रीनं कापलं, शिरा खरवडल्या, चिमटीनं तंबाखू पसरली. किती दिवसांनी तिनं बोटांना मोकळं सोडलं होतं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. पान फिरलं, लाल दोऱ्याचे वेढे बसले, नखानं तोंड मिटलं. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

तुलारामनं हात पुढे केला. तिनं बिडी भैय्याजींना दिली.

"तुमी ओढा, भाऊजी. इन्साफ पाहुण्यानं करावा."

भैय्याजींनी बिडी पेटवली. एक झुरका घेतला, दुसरा घेतला. मग मुद्दामच हात गुडघ्यावर ठेवून ती विझायची वाट पाहत बसले. बराच वेळ बसले. बिडी आपली सावकाश जळत राहिली.

"ललिताबाईले सांगू नको बापा," ते शेवटी म्हणाले, "पन हे अव्वल आहे."

"मी का म्हनून राहिलो होतो?" तुलारामनं मांडीवर थाप मारली. छाती फुगवून तो बायकोकडे वळला आणि मध्येच थांबला. हातात अजून ती विझलेली बिडी होती.

"मंग ह्या?" त्यानं विचारलं. "ह्या कोनं वळल्या?"

निर्मलाबाईनं मांडीवरचा तंबाखूचा भुगा झटकला. मान वर करून तिनं नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

"त्याही म्याच वळल्या," ती म्हणाली. "एकेक, मन लावून."

भैय्याजींनी काडी पेटवून तुलारामपुढे धरली. ती बोटाशी जळत आली, तरी त्यानं बिडी तोंडाला लावली नाही.