कडेची नजर

“आई, चित्र इकडे आहे. तू कपाटाकडे बघतेयस.”

“दिसतंय मला,” आई म्हणाली आणि कपाटाकडेच बघत राहिली.

लेकीने ओठ आवळले. भर दुपारी संस्थेतल्या या खोलीचे पडदे ओढून तिने अंधार केला होता, तो काही कपाट दाखवायला नव्हे. समोरची अख्खी भिंत व्यापून तिची कितीतरी वर्षांची मेहनत उजळली होती. त्याच मेहनतीमुळे तिला दूरच्या डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर बोलावणं आलं होतं. तीन वर्षांसाठी जायचं की नाही, हे आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

अर्ज केल्याचं घरी सांगितलं, त्याच सुमारास आईने तिच्या तोंडाकडे बघणं सोडलं होतं. बोलत सगळं होती. जेवलीस का, छत्री घेतलीस का. पण नजर कायम लेकीच्या कानामागच्या भिंतीवर. वर्तमानपत्राला हात लावत नव्हती, शिवणाचं मशीन झाकून ठेवलं होतं, चहा ओतताना निम्मा बशीत सांडत होती. लेकीने या सगळ्याचा एकच अर्थ लावला होता: आई रागावलीय. तोंडाने गोड बोलायचं आणि नजरेने वाळीत टाकायचं, ही आईची जुनी रीत. अशी रुसलेली आई मागे ठेवून जाणं तिला जमणार नव्हतं. नकार मनात पक्का झाला होता. फक्त तो कळवण्याआधी, आपण कशात जीव ओतत होतो ते आईने एकदा तरी पाहावं, एवढ्यासाठी तिला इथे आणलं होतं.

“हे मधलं काळं वर्तुळ आहे ना, ते मी मुद्दाम झाकलंय,” ती सांगू लागली. “ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा मेळावा. तिच्या पोटात कृष्णविवर आहे, शंभर कोटी सूर्यांइतकं जड. त्यातून उजेडाचीही सुटका नाही. पण आत पडणारा वायू पडता पडता इतका तापतो, की त्याच्या झगमगाटापुढे सगळे तारे मिळून फिके पडतात. त्या झगमगाटाला आम्ही क्वेसार म्हणतो. तो झाकला, की मग भोवतालचं दिसतं. असं फिकट.”

“केव्हाचं गं हे?”

“हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती. सूर्यही नव्हता.”

आईचा हात छातीशी गेला. “आणि आपल्यापाशी आत्ता पोचला,” ती हळूच म्हणाली. मग कपाटाच्या कडीवर नजर खिळवून तिने विचारलं, “खाली डावीकडे शेपटासारखं काय लोंबतंय?”

लेकीच्या अंगावर सरसरून काटा आला. ते शेपूट म्हणजे तिच्या सगळ्या कामाचा जीव होता. दुसरी एक दीर्घिका येऊन आदळल्याची ती खूण. त्या धडकेनेच वायू आत ढकलला गेला आणि हा दिवा पेटला. शेपूट इतकं पुसट होतं, की पाहुण्यांना काठी टेकवून दाखवलं तरी बिचारे ‘हो हो’ म्हणून वेळ मारून नेत. आपणहून ते कुणालाच दिसलं नव्हतं. आणि आई तर कपाटाकडे बघत होती.

कपाटाकडे.

शाळेत असताना गच्चीवर छोटी दुर्बीण लावून ती घरच्यांवर मास्तरकी गाजवायची. अंधूक ठिपक्याकडे थेट बघू नका, जरा बाजूला बघा, पुसट उजेड डोळ्याच्या कडेला जास्त कळतो. बाकीचे कंटाळून खाली जात. आई तेवढी थांबायची. ‘तिरळं बघायला शिकवतेस होय गं,’ म्हणत म्हणत शिकायची.

लेक आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. आईची नजर घसरून तिच्या कानापाशी गेली. लेक तेवढीच त्या बाजूला सरकली. नजरही आणखी पुढे सरकली.

“आई, कधीपासून?”

“झाले की काही महिने. मावशीबरोबर गुडघा दाखवायला गेले होते ना, तो गुडघा नव्हता.” आई जराशी हसली. “नजरेच्या मधोमध काळा डाग धरलाय. तुझ्या चित्रात आहे तसाच. डॉक्टर म्हणाले, मधलं परत यायचं नाही, पण कडेचं जायचंही नाही.”

लेक मटकन समोरच्या खुर्चीत बसली. पृथ्वीच्या आधीचा उजेड वाचणारी ती, आणि रोज चहा ओतणाऱ्या आईच्या डोळ्यांतलं तिला कळलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला स्वतःची लाज वाटली. आई रागावलेली नव्हती, या विचाराने सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची आणखी लाज वाटली.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर अर्ज मागे घेतला असतास.”

“घेणारच. मी कुठेही जात नाही. तुझ्या समोरून हलणार नाही.”

आईने हात पुढे केला. नजर कपाटाच्या कडीवर होती, तरी लेकीचा ओला गाल हाताला बरोबर सापडला.

“मावशी येतेय माझ्याकडे राहायला. तिची बॅगसुद्धा भरून झाली,” आई म्हणाली. “आणि समोर कसली बसतेस, वेडे? तू अगदी समोर असलीस, की नेमकी तूच दिसत नाहीस. जा. बाजूला झालीस, की दिसतेस.”