पुढचे पाच जण

लग्नाआधी आईने रोझॅनला बजावलं होतं, "पोरी, फुटबॉलवालाच हवा असेल तर चेंडू फेकणारा बघ. चेंडू घेऊन पळणाऱ्याचे नुसते गुडघे जातात." रोझॅनने ते हसण्यावारी नेलं आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्या वेंडेलशीच लग्न केलं.

यंदा वेंडेलचा गुडघा गेलाच. बरा होऊन परतला, तर त्याच्याच संघातल्या चेंडू फेकणाऱ्या कॉल्बीने कोचचे कान भरून त्याला बाहेर बसवलेलं. वर गावच्या रेडिओवर सांगत सुटला, "पळणारा लागतो कशाला? माझ्या एका हातावर जिंकू."

अंगावर धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना अडवून तो हात सांभाळायचे ते पुढे उभे राहणारे पाच धिप्पाड गडी. आणि ते पाचही दर गुरुवारी जेवायला रोझॅनकडे.

"वहिनी, शनिवारी काय करायचं?" ताटातली बरगडी चोखत त्यांच्यातल्या मोझेसने विचारलं.

"काय करणार? पाहुणा संघ येतोय," बाळाला भरवता भरवता ती म्हणाली. "पाहुण्यांना वाट द्यावी."

शनिवारी कॉल्बीने चेंडू फेकायला हात उचलला आणि पाचही जण बुटाची नाडी बांधायला वाकले.



रोझॅनच्या कडेवर बाळ आहे, तेव्हा तुम्हीच जरा मैदानात जाऊन बघता का, कॉल्बी उठला का ते?