भुंग्याचा डावा पाय

अण्णा त्यांच्या कुत्र्याला, भुंग्याला, फिरवून घरी आले, तेव्हा तो मागचा डावा पाय उचलून लंगडत होता. त्यांच्या लेकीने, ऋजुताने, घाबरून एक वेदनापट्टी कुत्र्याच्या पायाला लावली, जोडीची स्वतःच्या पायाला. त्याची कळ आता तिच्या पायात उमटायला हवी होती. काहीच उमटलं नाही. तिने दोनदा पट्ट्या बदलून पाहिल्या.

"नाटकी मेला!" ती म्हणाली.

"माझी नक्कल करत असेल," अण्णा डावी पोटरी चोळत हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोटरीतली गुठळी फुप्फुसात जाऊन अण्णा गेले.

तेराव्यानंतर तिने भुंग्याला फिरायला नेलं. तो चारही पायांवर सरळ चालत होता. माणसाची कळ दुसऱ्याला जाणवून देणारी पट्टी अजून निघाली नव्हती. माणसांना विचारावं लागे. अण्णांच्या नेहमीच्या बाकापाशी थांबून ती मोठ्याने म्हणाली, "अण्णा, तुमचा पाय दुखतोय का?"