नवी चूल मांडू नये

वनरक्षक रालित्सानं म्हाताऱ्याच्या तंबूभोवती फेरी मारली, पण नाव ठेवायला जागाच सापडेना.

तंबू तळ्याच्या भरल्या पाण्याच्या खुणेच्या बराच वर. खाण्याची पिशवी अस्वलाला मिळू नये म्हणून उंच फांदीला टांगलेली. कचरा गोणीत.

"वा, आजोबा! नियम तोंडपाठ दिसतायत."

"एका रात्रीचाच तर मुक्काम, पोरी. उद्या पाणी चढणार म्हणतात."

दुष्काळानं यंदा धरणाचं तळं कधी नव्हे इतकं आटलं होतं. उद्या वरून पाणी सोडणार होते. तेवढ्यात रालित्साला खाली, उघड्या पडलेल्या गाळात धूर दिसला.

"अहो, तिथं काय पेटवलंय?"

म्हातारा स्तामेन गाळात उतरला, रालित्सा त्याच्या मागोमाग. गाळातून वर आलेल्या दोन उभ्या दगडांमधून जाताना त्यानं टोपी काढली, मान वाकवली. डोक्यावर तर नुसतं आभाळ होतं.

"डास चावला की काय?"

"सवय," तो म्हणाला.

सपाट दगडावरचे निखारे त्यानं बाजूला सारले, दगड पुसला, पिठाचा गोळा थापला आणि वर राख ओढली.

समोरच्या पाण्यात रोडोपीचा अख्खा डोंगर उलटा उभा होता. रालित्सा इथंच लहानाची मोठी झाली, तरी हे बघताना तिचा ऊर भरून यायचा. आज तर तळ्याचा तळच पायाखाली होता.

पण गेल्या वर्षी अशाच एका चुलीनं पलीकडचं रान जाळलं होतं. जळकी झाडं इथूनही दिसत होती.

"विझवा, आजोबा. नवी चूल मांडायची नाही. जुनी असेल तिथंच जाळ करायचा."

"जुनीच आहे. एवढी भाकर भाजू दे गं. ह्यासाठीच आलोय, परत जमायचं नाही."

"थापा नका मारू!" तिनं बादली भरून आणली, निखाऱ्यांवर धरली. "माझी आई जन्मली तेव्हाही इथं तळंच होतं. पाण्याखाली चूल मांडली कुणी?"

स्तामेननं बादलीवर हात ठेवला.

"माझ्या आईनं."